राजाची हजेरी

त्या वर्षी घरात कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते. मागनं कोणी येऊन मीही होतो म्हणायला नको.

मी होते. माझी थोरली नणंद होती, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि ते ती रोज एकदा आठवण करून देते. माझा मुलगा होता, आटो चालवतो. सून होती, दवाखान्यात फरशा पुसते. नात होती, चार सरून पाचवं लागलेली. फोनच्या आत एक मिस होती. राजा आणि राणी होते, पण ते लाकडाचे. नवरा नव्हता. तो आधीच गेला. पहिल्यांदा घोडा मेला, मग टांगा विकला, मग हा गेला. घोड्यासाठी तो जेवढा रडला तेवढा माझ्यासाठी रडला नसता, पण होगली, जाऊ दे. अष्टे, एवढीच माणसं.

हे मी सांगते आणि इथं म्हैसुरात विजयनगर भागात ज्यांच्या घरी मी पोळ्या लाटते त्या बाई लिहून घेतात. त्या पुण्याकडच्या. माझं मराठी ऐकून त्यांना हसू येतं, त्यांचं ऐकून मला वाटतं कोणी लग्नपत्रिका वाचतंय. मी म्हटलं, बोलते तसं लिहा, इस्त्री करू नका.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. म्हणून तर इथं कन्नड मुलखात येऊन आम्ही मराठी बोलतो, अर्धं कन्नड घालून. आमच्यातले सगळेच हे सांगतात. एकाचाही पूर्वज लीद काढणारा नव्हता. एवढे घोडे होते तर लीद कोण काढत होतं देव जाणे. नवऱ्यापर्यंत एक घोडा उरला, तोही पाहुण्यांना राजवाडा दाखवत फिरायचा. मुलाकडे तीन चाकं आहेत. असं आमचं सैन्य उतरत उतरत आलं.

रोग आला तेव्हा मी चार घरी पोळ्या करत होते. चारही घरांतनं सांगितलं, येऊ नका. एका बाईंनी फोनवर म्हटलं, "आजी, घरीच राहा, सुरक्षित राहा." मी हो म्हटलं. राहिलो आम्ही सुरक्षित. सुरक्षित राहिलं तरी दुपारी भूक लागते, ते त्यांच्या ध्यानात आलं नसेल. त्या ह्याच बाई. लिहा म्हटलं, तर लिहिलंय त्यांनी.

मुलाचा आटो गल्लीत उभा. सुनेला मात्र एक दिवस सुट्टी नाही. दवाखान्यातनं आली की मागच्या अंगणात अंघोळ, कपडे कढत पाण्यात, आणि पोरीला हात लावायचा नाही. पोर उंबऱ्याच्या आत, आई अंगणात. दोघी एकमेकींकडे बघत जेवायच्या. मी त्याबद्दल जास्त बोलणार नाही. रेशनचा तांदूळ होता, मिरच्या होत्या. मेलं नाही कोणी.

आता शाळेचं सांगते, कारण सगळं त्यावरच होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक इंग्लिश शाळा आहे. दर वर्षी चिठ्ठ्या टाकून गरिबांची चार-पाच पोरं फुकट घेतात. रोग यायच्या थोडं आधी चिठ्ठ्या पडल्या आणि आमच्या नातीची निघाली. मुलानं आनंदानं आटो धुतला. आनंद दाखवायला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी परत धुतला. अक्का टेकडीवर जाऊन चामुंडीला नारळ फोडून आली. आणि मग शाळाच बंद झाली.

अक्का म्हणाली, "नारळ परत मागता येतो का गं?"

पावसाळ्यात निरोप आला की शाळा आता फोनवर. रोज सकाळी नऊला. आणि हेडमिसनं माझ्या मुलाला वर एक गोष्ट सांगितली. फुकटच्या जागेला रांगेत पुढची चिठ्ठी थांबलेली आहे. पोर रोज दिसलं पाहिजे, विचारलं तर बोललं पाहिजे. दसऱ्यानंतर बघू. बोलत नसेल तर नाव काढून पुढच्याला जागा देऊ.

मुलगा आला तो तोंड पाडूनच. "आई, बोलंल ना ती?"

"ती?" मी म्हटलं. "तिला गप्प कशी करायची ते विचार."

मला दुसरीतनं काढलं होतं. धाकटा भाऊ झाला, त्याला कडेवर घ्यायला कोणी पाहिजे होतं. कोणी मारलं नाही, ढकललं नाही. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि कोणी विचारलं नाही. जागा अशीच जाते. म्हणून मी हे काम अंगावर घेतलं. सून दवाखान्यात, मुलगा फोन देऊन बाहेर, अक्का कामाची नाही. राहिले मी.

पहिल्या दिवशी पोरीला दोन वेण्या घातल्या, पावडर लावली. फोन ठेवायला उंच जागा पाहिजे होती. खोलीत दसऱ्याच्या बोंबेची पत्र्याची पेटी आहे, म्हणजे बाहुल्यांची. पोर चटईवर बसली की पेटी बरोबर नाकासमोर येते. त्या पेटीवर चिंचेची बरणी ठेवली, बरणीला फोन टेकवला. झाली शाळा.

फोनमधे मिस आली. अगदी पोरसवदा. मागं हिरवी भिंत, भिंतीवर दोरी, दोरीवर एक टॉवेल. तो टॉवेल बघून मला बरं वाटलं. म्हटलं, ही आपल्यासारख्याच घरातली. बाकीची पोरं चिमुकल्या चौकटींत, जशी दुकानात डब्याडब्यांत बिस्किटं.

मिस म्हणाली, "गुड मॉर्निंग!"

आमची नात उठली, फोनच्या मागं गेली, बरणी बघितली, परत येऊन बसली आणि तोंड मिटलं. जे मिटलं ते मिटलंच.

मिसनं एक सफरचंद दाखवलं. "व्हॉट इज धिस?"

नात गप्प. मागनं अक्का ओरडली, "सेबू!"

"अक्का, तुला नाही विचारलं."

"मग कोणाला? उत्तर येत असून गप्प बसू?"

अक्का रोज येऊन बसायची. डोक्यावरनं पदर घेऊन, कारण मिस बघते. मिसनं गाय दाखवली, अक्का म्हणाली गाय. मिसनं छत्री दाखवली, अक्का म्हणाली छत्री. जन्मात शाळेचं तोंड न बघितलेली बाई, एल.के.जी.त पहिली आली असती. शेवटी मिसनं हात जोडून कन्नडमधे सांगितलं, अज्जी, तुमचं सगळं बरोबर आहे, पण जागा नातीची आहे. मग मुलानं फोनमधलं तोंड बंद करायचं बटण दाखवलं. दाबलं की इकडचं तिकडं ऐकू जात नाही. मी म्हटलं, अय्यो, हे बटण आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी पाहिजे होतं. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बटण चालतं.

पण पोर बोलेना. दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. नऊ वाजले की खाटेखाली जाऊन बसायची. मी पायाला धरून ओढायचे, वेणी घालायचे, बसवायचे. बसवली की दगड. मुलाचा आटो तोपर्यंत सुरू झाला होता, पण भाडं फोनवर येतं आणि फोन पेटीवर, म्हणून तो दाराबाहेर आटोत बसून राहायचा. पावणेदहा झाले की हॉर्न वाजवायचा. आत येऊन मला नुसतं बघायचा. मी मान हलवायचे. आज पण नाही.

एक दिवस वर्ग संपल्यावर मिस थांबली. हळूच म्हणाली, "अज्जी, वाईट वाटून घेऊ नका. तिला बोलता येतं ना?"

"येतं? घरात पाण्याच्या पंपासारखी चालू असते."

"मी हजर लिहिते रोज. पण पुढं बोलली का म्हणून एक रकाना आहे. तो रिकामा आहे. मॅडम दर शनिवारी बघतात."

त्या दिवशी दुपारी मी पोरीला समोर घेतलं. हातात गूळ दिला, म्हणजे तोंड उघडायला कारण होईल.

"का गं बोलत नाहीस?"

"कोणाशी?"

"मिसशी."

"मिस टीव्हीत आहे."

"बाकीची पोरं आहेत की."

"ती अडकलीयत." तिनं गूळ या गालातनं त्या गालात नेला. "शाळेत बाजूला पोर बसतं. बाबांनी सांगितलंय. माझ्या बाजूला कोण आहे?"

"अक्का आहे."

"अक्का म्हातारी आहे."

अक्का खाटेवरनं म्हणाली, "आणि ही तुझी अज्जी काय पाळण्यात आहे?"

पोरीचं काही चुकलं नव्हतं. पोरीनं शाळा बघितलीच नव्हती. बाजूला कोणी नाही, चिमटा काढायला कोणी नाही, ती कसली शाळा? मी पण दुसरीत गेले ती बाजूच्या पोरीच्या खिशातल्या चिंचोक्यांसाठीच गेले.

मी बरणी उचलली, फोन उचलला आणि पेटी उघडायला घेतली.

इथं वाचणाऱ्याला पेटीचं सांगायला पाहिजे. म्हैसुरात नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून बोंबे बसवतात. सगळ्यांत वर राजा-राणीची लाकडी जोडी. ती मुलीला लग्नात माहेरून येते. माझीही आली. चंदनाची म्हणून आईनं दिली, पण वास कधी आला नाही, असेल कसल्या तरी लाकडाची. राणीचं नाक थोडं उडालंय. नऊ दिवस ही मंडळी बसतात, दसऱ्याच्या संध्याकाळी राजा-राणीला आडवं करून झोपवायचं, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत. ते पुढच्या वर्षीपर्यंत. मधे पेटी उघडायची नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही. आणि हा चालू होता आषाढ.

अक्का खाटेवरनं उतरली. गुडघे दुखतात म्हणून संडासला जायला रडते, त्या दिवशी उडीच मारली.

"काय करतीस? काय करतीस? आषाढात बोंबे काढतात कोणी?"

"रोगात शाळा भरवतात कोणी?"

"राजाची झोप मोडतीस!"

"अक्का, वर्षात नऊ दिवस ड्यूटी, बाकी झोप. एवढी सुट्टी तर सरकारी हापिसातही नाही. थोडं काम करू दे त्याला."

"कोप होईल."

"बाहेर काय चाललंय मग? अजून काय व्हायचं राहिलंय?"

तिनं तोंड भिंतीकडं केलं. पण कान इकडंच होते.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत मी वर्ग भरवला. पोरीच्या उजव्या हाताला राजा, डाव्या हाताला राणी. मागं मातीचे शेट्टी आणि शेट्टीण, दोघांची पोटं सुटलेली, दुकानदार म्हणून बसवतो आम्ही त्यांना. त्यांच्या बाजूला पोलीस, त्याचा सलाम करायचा हात तुटलाय, त्यामुळं कोणालाच सलाम करत नाही, चांगला माणूस. आणि सगळ्यांत मागं हत्ती, उंच पोरांना मागं बसवतात म्हणून.

पोरीला म्हटलं, "ही तुझ्या वर्गातली पोरं."

ती बघत राहिली. पण खाटेखाली गेली नाही.

मिस आली. गुड मॉर्निंग म्हणाली, आमच्या चौकटीकडं बघितलं आणि थांबली. पण काही विचारलं नाही, शिकवायला लागली. शहाणी पोर. मी लसूण सोलत बाजूला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आमची नात तिरकी तिरकी राजाकडं बघतीये. मग हळूच कोपर त्याला लावलं. राजा डुगडुगला. परत लावलं. राजा पडला तो तिच्या मांडीवर.

"मिस!" ती ओरडली. "मिस, राजा होडीताने!"

म्हणजे राजा मारतोय. तीन आठवड्यांत पहिला शब्द, आणि तो कागाळीचा. बरोबरच आहे. शाळेत माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो ते दुसऱ्याचं नाव सांगायला.

मिसचा चेहरा अगदी कडक. "राजा! हाताची घडी घालून बस बघू."

"त्याला येत नाही मिस. त्याचे हात अंगाला चिकटलेत."

"असं? मग नुसता गप्प बस म्हणावं." आणि तिनं वही ओढली. "आज हजेरी राहिली की घ्यायची. राजा?"

नातीनं जाड आवाज काढला. "येस मिस."

"राणी?"

बारीक आवाज. "येस मिस."

शेट्टी, शेट्टीण, पोलीस, सगळ्यांची झाली. हत्तीची नुसता सोंडेसारखा हात हलवून. आणि मग मिसनं आमच्या पोरीचं नाव घेतलं, तसंच, त्याच दमात.

"येस मिस," पोर म्हणाली. स्वतःच्या आवाजात.

माझ्या हातातला लसूण हातात राहिला. अक्कानं पदर तोंडाला लावला. रडत होती का हसत होती मी विचारलं नाही. बाहेर मुलानं हॉर्न वाजवला नाही. पावणेदहा होऊन गेले होते.

मग दसऱ्यापर्यंत राजा शाळेत गेला. अभ्यासात मठ्ठ. ए आलं तर बी येईना. राणी हुशार, पण नाक उडालेलं म्हणून मागं मागं राहायची, तिला आमची पोर पुढं ओढायची. पोलिसाला रोज शिक्षा. हत्तीला दर थोड्या वेळानं शू. आमची नात आधी स्वतः शिकायची, मग दुपारभर राजाला बडवून शिकवायची. बडवून बडवून तिचं पाठ झालं. राजाचं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

बाकीच्या पोरांनी बघितलं आणि तीही सुरू झाली. एकानं कुकर आणून बसवला. एकीनं कोंबडीचं पिल्लू. एका पोरानं आजोबांनाच बाजूला बसवलं, ते झोपले. मिस सगळ्यांची हजेरी घ्यायची. हेडमिसला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

मुलगा दारातनं ओरडायचा, "झाला का राजा शिकून? मला भाडं आलंय!"

दसरा आला. त्या वर्षी हत्तींची मिरवणूकही राजवाड्याच्या आतल्या आतच झाली. आम्ही आमचे बोंबे नेहमीसारखे पायरीवर मांडले. पोरीनं राजासमोर पाटी ठेवली. अक्का म्हणाली, राजासमोर तलवार ठेवतात. पोर म्हणाली, तलवारीचं स्पेलिंग त्याला येत नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी दोघांना झोपवायची वेळ झाली. पोरीनं पांघरूण घातलं, थोपटलं. अक्कानं तिला जवळ घेऊन मुद्दाम माझ्याकडं बघत सांगितलं, "आता पुढच्या वर्षीपर्यंत आवाज करायचा नाही. आषाढात एका बाईनं उठवलं त्याला, झोप नाही झाली बिचाऱ्याची. आता उठला तर रागावंल."

पोरीनं मान हलवली. तिनं ते मनात किती धरलं ते आम्हां दोन म्हाताऱ्यांना कळलं नाही.

चार दिवसांनी निरोप आला. सोमवारी हेडमिस स्वतः फोनवर बसणार, एकेका पोराला विचारणार. पोर एकटं पाहिजे. मोठं माणूस नको, खेळणं नको.

मी अक्काला म्हटलं, "राजाला काढते. दाराआड ठेवते, तिला नुसता दिसू दे."

"एकदा उठवलंस, मी गप्प बसले," अक्का म्हणाली. "एकदा गरज. दुसऱ्यांदा माज."

"जागा जाईल पोरीची!"

"अज्जी," पोर मधे बोलली, "नको. तो झोपलाय." म्हणजे तीही अक्काच्या बाजूची.

"मग तू एकटी बोलशील?"

"बोलीन."

सोमवारी वेण्या, पावडर. चटई. पेटीवर बरणी, बरणीला फोन, रोजच्यासारखा. चूक झाली ती इथंच, आणि ती माझी. तीन महिने ज्या पेटीवर शाळा भरवली ती रिकामी होती. आता तिच्यात राजा होता.

आम्ही तिघं दाराआड. पुढं मी, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून अक्का, तिच्या मागं मुलगा, आटो सोडून आलेला. फोनमधे हेडमिस. चष्मा, मागं कपाटात शाळेचे कप मांडलेले. कोपऱ्यात आमची मिस, हिरव्या भिंतीची.

"व्हॉट इज युवर नेम?"

पोरीचे ओठ हलले. आवाज नाही.

"जोरात!"

परत ओठ हलले.

"अगं जोरात! लाऊडली!"

आमच्या पोरीनं तोंडावर बोट ठेवलं आणि हेडमिसला म्हणाली, "श्शू!"

मागनं मुलगा म्हणाला, "गेली जागा."

हेडमिस इंग्लिशमधे काहीतरी बोलली. मला इंग्लिश येत नाही, पण एवढं कळलं. वही मिटायचं बोलणं कुठल्याही भाषेत कळतं. तेवढ्यात आमची मिस म्हणाली, "मॅडम, एक मिनिट." आणि पोरीला कन्नडमधे लाडानं विचारलं, "चिन्ना, एवढं हळू का गं?"

पोर पुढं वाकली. फोनमधे नुसतं तिचं नाक दिसत असणार. कुजबुजली, "मिस, राजा खाली झोपलाय. पेटीत. ही बाई ओरडतीये, तो उठंल ना."

अक्कानं स्वतःच्या कपाळावर हात मारला, तो माझ्या कानाला लागला. धावत जाऊन फोन उचलून दुसरीकडं ठेवावा असं मला वाटलं. पण मोठं माणूस दिसलं तर आणखी एक कारण. उभी राहिले. जन्मात एवढं उभं राहणं मला कधी जड गेलं नाही.

"बरं," मिस म्हणाली. "मग हळूच सांग." तिनं लाल कागद दाखवला. पोरीनं कुजबुजून सांगितलं. "ती रेड म्हणते, मॅडम." निळा. "ब्लू म्हणते." राजाच्या दरबारात दुभाषी असतो तशी.

हेडमिस कन्नडवर येऊन म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही. तीच सांगते की तुम्हीच सांगता ते मला कसं कळणार?"

मिस म्हणाली, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, मुलानंही ऐकलंय, "मॅडम, तुम्ही थोडं गप्प बसलात तर ऐकू येईल."

गल्लीत कोणी कोथिंबीर विकत होता तेवढा आवाज. आणि त्या शांततेत आमची पोर एक ते वीस म्हणाली, इंग्लिशमधे, कुजबुजत. तेरा खाऊन टाकला. बाकी सगळे होते. मग स्वतःचं नाव, बापाचं नाव, गल्लीचं नाव. शेवटी, "मिस, मी जाऊ?"

हेडमिसनं चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाली, "ओके. नेक्स्ट."

जागा राहिली.

पुढचं थोडंच आहे. संक्रांतीनंतर एक दिवस फोनमधे दुसरीच मिस. मागं पांढरी भिंत, टॉवेल नाही. मुलानं शाळेत जाऊन विचारलं. सांगितलं, पालक पैसे भरत नाहीत, म्हणून काही मिस कमी केल्या. तसंही असेल. चार घरांतनं मीही कमी झाले होते, मी कोणा हेडमिसला गप्प बस म्हटलं नव्हतं. पण आमच्या मिसला त्यांच्यात पहिली का काढली, ते मी जाऊन विचारलं नाही. विचारलं तर आमच्या पोरीच्या जागेला धक्का लागंल म्हणून गप्प बसले. ते माझ्याकडनं झालं.

कोणी म्हणालं ती कृष्णराजनगरकडं माहेरी गेली, बापाच्या भाताच्या शेतावर. कोणी म्हणालं सरगूरला साड्या विकते. तिचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. मुलाच्या फोनमधे नंबर होता, नुसता मिस म्हणून. तो फोन आटोतनं पडून चाकाखाली गेला.

नात आता चौथीत आहे. पायानं चालत शाळेत जाते. एवढी बडबड करते की तिला एकटीला मागच्या बाकावर बसवलंय, बाजूला कोणी नाही. पण बाक आहे. अक्का अजून आहे. माझ्या आधी जाणार नाही असं तिनं ठरवलेलं दिसतं. सून पोरीला मांडीवर घेते, पोर उंच झाली तरी.

दर नवरात्रात राजा-राणी पायरीवर बसतात आणि नात त्यांची हजेरी घेते. राजा, येस मिस. राणी, येस मिस. पण ती म्हणते, आपण घेतलेली खरी नाही.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं एकच मागणं. रोगाच्या वर्षी म्हैसुरात फोनवर एल.के.जी. शिकवणारी, हिरव्या भिंतीपुढं बसणारी, मागं दोरीवर टॉवेल वाळत घालणारी एखादी मिस तुमच्या ओळखीची असेल, तर तिला सांगा. आटोवाल्याकडचा राजा म्हटलं की तिला कळेल. म्हणावं, नवरात्रात कधीही ये, हळदीकुंकू घेऊन जा, आणि हजेरी तेवढी घे.